बालकक्षातले विषम आकडे

१

गुणवत्ता हा आमचा श्वास आहे.

विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य पाच फुटी फलकावर सोनेरी अक्षरांत झळकत होतं. मूल्यांकन समिती मंगळवारी सकाळी दहाला येणार, म्हणून शनिवारी घाईघाईने तो फलक ठोकला गेला. पहिलाच खिळा भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात शिरला. त्यामुळे सोमवारी कॉलेजात श्वास भरपूर होता, पाणी मात्र नव्हतं.

त्या कोरड्या सोमवारी नऊ वाजता बाईंनी गुणवत्ता कक्षाचं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

बाई म्हणजे हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन. निम्मी नोकरी रुग्ण सांभाळण्यात गेली, निम्मी मुलींना शिकवण्यात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. घरी बसून त्या सुनेच्या स्वयंपाकघराचं मूल्यांकन करत असत. सून त्यांची मान्यता काढून घेण्याच्या बेतात असतानाच कॉलेजने त्यांना गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख म्हणून बोलावून घेतलं. सासूसून दोघींची एकदमच सुटका झाली.

कपाटात शेवटच्या वर्षाच्या मुलींची बेचाळीस लॉगबुकं होती. कोणत्या मुलीने कोणत्या वॉर्डात कोणत्या रुग्णाचं काय केलं, हे त्यात तिने लिहायचं आणि शिक्षिकेने शिक्का मारायचा. बालकक्षासाठी एक पान. त्यावर दहा बाळं, आणि प्रत्येक बाळापुढे खाटेचा नंबर, वय, ताप, नाडी, श्वास.

गुरुवारी बाईंनी हे पान बेचाळीसही वह्यांत तपासलं होतं. कोरं. कारण मुलींना बालकक्षात पाठवलंच नव्हतं. आठ आठवडे त्या हॉस्पिटलच्या खिडकीवर बसून केसपेपर बनवत होत्या. हॉस्पिटलला कारकून कमी पडत होते आणि मुली आयत्या मिळत होत्या. आजारी बाळ त्यांनी पाहिलं होतं ते काचेपलीकडून, कुणाच्या तरी कडेवर. बाईंनी अहवालात स्वच्छ लिहिलं होतं: बालकक्षातलं काम, शून्य. आठ आठवडे भरेपर्यंत पदवी देऊ नये.

आणि आज ती पानं भरलेली होती. खाट चार, नाडी १३७. खाट नऊ, नाडी १२४. खाट १२-अ, नाडी १४१. सगळं ठोकळ्या आकड्यांत, लिहिणारा ओळखू येऊ नये असं; खाली विभागाचा जांभळा शिक्का. चारशेवीस बाळं शनिवारी-रविवारी आजारी पडून, तपासली जाऊन, बरी होऊन घरीसुद्धा गेली होती.

बाईंनी आयुष्यात चोऱ्या पुष्कळ पाहिल्या होत्या. थर्मामीटर जायचे, चादरी जायच्या, एकदा तर आख्खं चाकांचं स्ट्रेचर गेलं होतं. पण चोरीत काहीतरी जातं. इथे काहीतरी आलं होतं.

आणि खाली, टाइप केलेल्या ओळीपुढे एक जागा रिकामी होती: 'सर्व नोंदी मी स्वतः तपासल्या असून त्या खऱ्या आहेत.' सही बाईंची हवी होती. पाच वाजेपर्यंत.

२

"शोधा बाई," प्राचार्या म्हणाल्या. "जो कोणी असेल त्याला मी सोडणार नाही."

प्राचार्या म्हणजे बाईंची चिमणी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं, तीस वर्षांपूर्वी. होस्टेलला जागा मिळाली नाही म्हणून ही बारीक, बडबडी मुलगी बाईंच्या घरी दोन वर्षं राहिली. बाईंच्या मुलाने तिला आपली खोली दिली आणि स्वतः हॉलमध्ये झोपला. अजूनही कुरकुरतो. नाडी कशी मोजायची हे बाईंनी तिला स्वयंपाकघराच्या ओट्याशी, स्वतःचं मनगट पुढे करून शिकवलं होतं. आता चिमणीच्या टेबलावर दोन फोन होते आणि दाराबाहेर दिवा.

"आणि माझी सही?" बाईंनी विचारलं.

"सही तर लागेलच ना हो. फाइल पाचला जाते."

"खोट्या पानांवर?"

"खोटी आहेत हे अजून कुठे ठरलंय? मुलींनी उशिरा भरली असतील. तुम्ही शोधा, पण शोधता शोधता सही पण करून टाका. मान्यता गेली तर बेचाळीस पोरी रस्त्यावर येतील, बाई. तुम्हालाच आधी वाईट वाटेल."

"मुली बालकक्षात गेल्याच नाहीत, चिमणे."

"चहा घेणार? अरे हो, पाणी नाही."

बाई कक्षात परतल्या आणि एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी संशयितांची नावं लिहायला घेतली. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी ऑफिसात हेडक्लार्कच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. विभागांचे शिक्के तिथेच उघड्या ट्रेमध्ये. शनिवारी-रविवारी सजावटीसाठी ऑफिस उघडं होतं. पहिलं नाव हेडक्लार्कचं. दुसरं, एखादीने सगळ्या मैत्रिणींचं काम ओढलं असेल तर, मुलींच्या मॉनिटरचं. तिसरं बालकक्ष शिकवणाऱ्या मॅडमचं, कारण शिक्का तिच्या विभागाचा.

चौथं नाव त्यांना सुचलं नाही. घरच्या माणसाचा ताप सगळ्यांत शेवटी कळतो, आणि नर्सच्या घरी त्याहूनही शेवटी.

३

हेडक्लार्कला सगळे फायलीबुवा म्हणत. माणूस हरवला तर ते आधी त्याची फाइल शोधत. फाइल सापडली की माणसाची त्यांना फारशी गरज वाटत नसे.

"किल्ली खिळ्याला होती?" बाईंनी विचारलं.

"किल्ली खिळ्यालाच असते. खिळा किल्लीसाठीच आहे."

"शनिवारी-रविवारी कोण आलं होतं?"

"सगळेच. मी, प्राचार्या, बालमॅडम, मॉनिटर, फलकवाला, मग प्लंबर, मग दुसरा प्लंबर."

"मान्यता गेली तर तुमचं काय होईल हो?"

"बदली. तीसुद्धा परीक्षा विभागात." हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात दुसऱ्या कुणी काळं पाणी म्हटलं असतं.

म्हणजे कारण होतं, किल्लीही होती. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"एक काम करा. सहा महिन्यांचं बाळ आहे, तापलंय. चार्टवर त्याची नाडी किती लिहाल?"

"बहात्तर."

"का बरं?"

"सगळ्यांची बहात्तरच असते. शाळेत होतं आम्हाला."

"बुवा, बहात्तर नाडीवर ते बाळ तुमच्या डोळ्यांदेखत जाईल."

फायलीबुवा अस्वस्थ झाले. "मग त्याची फाइल बंद करावी लागेल," ते हळूच म्हणाले.

बाईंनी कागदावरचं पहिलं नाव खोडलं. वह्यांतली बाळं १२४, १३७, १४१ अशा नाडीची होती. ताप चढला की नाडी चढलेली, वय वाढलं की उतरलेली. चारशेवीस बाळांत एकही चूक नव्हती. ही बाळं ज्याने कागदावर जन्माला घातली, त्याने खरी बाळं हातात घेतलेली होती.

४

मॉनिटर केसपेपरच्या खिडकीवरच सापडली. समोर रांग होती.

"मीच भरलं असेल असं वाटतंय ना तुम्हाला?" ती केसपेपर फाडता फाडता म्हणाली. "वाटू दे. पण भरायला तिथे काय लिहितात ते तरी माहीत हवं. बाळाची नाडी मनगटावर बघतात की छातीवर, तेही मला कुणी दाखवलेलं नाही. इथे विचारा काय विचारायचं ते. नाव, वय, पत्ता, तक्रार. झोपेत सांगेन."

"माझी नाडी बघ."

मॉनिटरने रांगेला थांबायची खूण केली, बाईंचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि थोड्याच वेळात सोडलं. "चौऱ्याऐंशी."

"इतक्यात?"

"अर्धा मिनिट मोजायची, दोनने गुणायची. सगळे तसंच करतात, बाई. पूर्ण मिनिट कोण उभं राहतं?"

त्यांनी वीस वर्षं वर्गात एकच गोष्ट घोकून घेतली होती: पूर्ण मिनिट. अर्ध्या मिनिटात चुकलेला ठोका दुप्पट चुकतो. हे त्या इतक्यांदा म्हणत, की मुली त्यांच्या मागे घड्याळासारखं टिकटिक करत चालायच्या.

कक्षात येऊन त्यांनी वह्यांची बाकीची पानं काढली, खरी, मुलींनी खरोखर केलेल्या कामाची. मेडिकल वॉर्ड: ७६, ८०, ८४, ९२. सर्जिकल: ७८, ८८, ९०. बेचाळीस वह्या त्यांनी पालथ्या घातल्या. एकही विषम आकडा नाही. असणार कसा? दोनने गुणलेलं कधी विषम येतं का?

मग बालकक्षाचं पान. १३७. १२४. १४१. १२९. निम्मे आकडे विषम. पूर्ण मिनिट मोजणाऱ्या माणसाला मिळतील, अगदी तसे.

आख्ख्या कॉलेजात एकच पान त्यांनी शिकवलं होतं तसं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं.

त्यांनी मॉनिटरचं नाव खोडलं. पूर्ण मिनिट मोजणारं माणूस म्हणजे बाईंच्या हाताखालचं माणूस. तशा या कॉलेजात आता दोघीच उरल्या होत्या. एकीचं नाव कागदावर होतं. दुसरीचं त्यांनी लिहिलं नाही, पण पेन्सिल त्या ओळीवर थोडा वेळ टेकून राहिली.

५

बालमॅडम ही बाईंच्या शेवटच्या बॅचची. बालकक्षात ती एका रडक्या पोराला वाफ देत होती, आणि पोर तिच्या एप्रनला नाक पुसत होतं.

"तुमच्या विभागाचा शिक्का आहे," बाई म्हणाल्या.

"शिक्का ऑफिसात असतो. मी महिन्यातून एकदा जाऊन मारून येते." तिने वाफेचा मास्क नीट धरला. "मुली पाठवा म्हणून मी तीनदा लेखी दिलं. उत्तर नाही. चौथ्यांदा लिहिलं तर मलाच केसपेपरच्या खिडकीवर बसवतील म्हणून गप्प बसले. ते माझं चुकलंच, पण पानं मी भरलेली नाहीत. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आजकाल सगळेच माझ्याकडे तसं बघतात."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणत नाही, बाई. तुम्ही बघता. आम्ही तुमच्या त्या बघण्याला इंजेक्शनपेक्षा जास्त घाबरायचो."

बाईंनी विषय बदलावा म्हणून सहज विचारलं, "या पोराची खाट कोणती? १२-अ का?"

"१२-अ?" बालमॅडम हसली. "ती कधीच गेली हो. नव्या खाटा आल्या तेव्हा, सहा वर्षं झाली, सरळ एक ते वीस नंबर पाडले. तेरासकट. पहिल्या आठवड्यात तेरावर कुणी पोर ठेवेना. आया भांडायला उठल्या. शेवटी एका दुपारी मीच त्या खाटेवर झोपून दाखवलं. घोरत होते म्हणे. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. हे पोर तेराचंच आहे."

बाईंनी खाटेच्या लोखंडी पट्टीकडे पाहिलं. पांढऱ्या रंगात ठळक तेरा.

त्यांच्या काळी इथे बाराच्या पुढे १२-अ आणि मग चौदा होती. सकाळी वह्यांत १२-अ वाचताना त्यांना काहीही खटकलं नव्हतं, कारण त्यांना तोच नंबर माहीत होता. जुन्या माणसाला माहीत असलेला नंबर. इथे रोज येणाऱ्याला माहीत नसलेला.

त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" बालमॅडमने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. तीस सेकंद झाले. पंचेचाळीस झाले. पोर खोकलं तरी तिने हात सोडला नाही. पूर्ण मिनिट.

"एकशे तीन," ती म्हणाली. "खूप आहे, बाई. पाणी आणू? अरे, पाणी नाही."

६

साडेचारला बाई प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. दिवा लाल होता. त्या तशाच आत गेल्या.

"सापडलं का कोणी?" प्राचार्यांनी विचारलं.

"ज्याने पानं भरली त्याला आजारी बाळाची नाडी माहीत आहे. म्हणजे फायलीबुवा नाहीत. त्याला पूर्ण मिनिट मोजायची सवय आहे, म्हणजे मुली नाहीत. माझ्या हाताखालच्या दोघीच उरतात. पण बालमॅडम रोज त्या वॉर्डात असते, तिथल्या तेरा नंबरच्या खाटेवर ती झोपलीसुद्धा आहे. १२-अ ती लिहिणार नाही. १२-अ लिहिणारीने सहा वर्षं त्या वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही."

प्राचार्यांनी दोन्ही फोन उपडे केले.

"आठ," त्या म्हणाल्या. "प्राचार्य झाले तेव्हापासून गेलेच नाही. वेळच झाला नाही."

"चारशेवीस बाळांसाठी झाला."

"दोन दिवस लागले. तीन पेनं." तिच्या आवाजात कामाचा किंचित अभिमान होता, आणि बाईंना तो ओळखता आला, कारण तो त्यांनीच तिच्यात घातला होता. "बहात्तर-बहात्तर लिहून मोकळी होऊ शकले असते. पण तुम्ही बघणार होतात ना."

"मी बघावं म्हणून मला बोलावलंस?"

चिमणीने खिडकीबाहेर पाहिलं. "बाई, या वह्या कुणी वाचत नाही. समितीची माणसं वही उघडतात, खालची सही बघतात, मिटतात. तुमची सही असली तर उघडतसुद्धा नाहीत. आख्ख्या विद्यापीठात अशी सही तुमची एकटीचीच आहे."

फेब्रुवारीत ती फोनवर म्हणाली होती, बाई, तुमच्या डोळ्यांची गरज आहे हो इथे. बाईंनी त्या दिवशी कपाटातून जुना पांढरा एप्रन काढून इस्त्री केला होता. सुनेला सांगितलं होतं, माझी मुलगी बोलावतेय.

"मला वाटलं, डोळ्यांसाठी आणलंस," बाई म्हणाल्या. "तू हातासाठी आणलंस. तोसुद्धा सहीपुरता."

"तुम्ही माझं नाव घेणार?"

"उद्या समितीपुढे शून्य तेवढं वाचेन. नाव विचारलं तर गप्प बसेन, आणि तू काय म्हणतेस ते बघेन."

७

मंगळवारी सकाळी पाइप जोडला गेला, नळाला पाणी आलं आणि दहाला सभागृहात समितीही आली. समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक दमलेले प्राध्यापक. या महिन्यातलं त्यांचं हे सातवं कॉलेज होतं, आणि सातही कॉलेजांचा श्वास गुणवत्ताच होता.

बाईंनी उभं राहून वाचलं: बालकक्ष, शून्य. वह्यांतली पानं खोटी. सही नाही.

अध्यक्षांचं बिस्किट चहात बुडून तुटलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "ही पानं कोणी भरली?"

बाई गप्प राहिल्या. त्या प्राचार्यांकडे पाहतही नव्हत्या. तिला वेळ हवा तेवढा मिळावा म्हणून त्या समोरच्या कपाकडे पाहत होत्या. मनात त्यांनी एकच गोष्ट मागितली: तिने स्वतः उठावं.

प्राचार्या उठल्या. "सर, बालकक्ष विभागाकडून काही गफलत झाली असावी. संबंधित शिक्षिकेवर कारवाई करू."

बालमॅडम दाराशी उभी होती. तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला.

काल केबिनमध्ये बाईंचा जो विश्वास तुटला होता, तो आज दुसऱ्यांदा तुटला. पहिल्या वेळी निदान चिमणी त्यांच्याशी खरं बोलली होती.

"सर," बाई म्हणाल्या, "प्राचार्यांना विचारा, बालकक्षात १२-अ ही खाट कुठे आहे. त्यांनाच दाखवायला सांगा."

सगळे निघाले. प्राचार्या पुढे. वॉर्डाच्या दारातून त्या न अडखळता डावीकडच्या कोपऱ्याकडे गेल्या आणि एका खाटेपाशी थांबल्या. पट्टीवर तेरा होतं. मागून येणारे सगळे थांबले. खाटेवरचं कालचं पोर उठून बसलं आणि त्याने एवढ्या माणसांकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"ही तेरा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पूर्वी..." प्राचार्या म्हणाल्या.

बाकीचं बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. बाळांची नाडी, विषम आकडे, आणि ही खाट. नाव त्यांनी सांगितलं नाही. आता सांगायला उरलंच नव्हतं.

तासाभरात निर्णय झाला. मान्यता आठ आठवडे स्थगित. मुली उद्यापासून बालकक्षात, रोज सहा तास, बालमॅडमच्या हाताखाली. प्राचार्या आजपासून रजेवर, चौकशी होईपर्यंत. हॉस्पिटलने केसपेपरसाठी आपले कारकून आपणच शोधावेत. अध्यक्षांनी हे सगळं लिहून घेतलं, बाईंना नमस्कार केला आणि जाताना म्हणाले, "आमच्या फॉर्ममध्ये शून्याचा रकाना आहे हे आज पहिल्यांदा कळलं."

सभागृह रिकामं झालं. बाई आपल्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. समोर तुटक्या बिस्किटाचा कप तसाच पडला होता.

दार वाजलं. प्राचार्या परत आल्या. डोळे सुजलेले होते, खांद्याला पर्स होती. त्या टेबलाला वळसा घालून थेट बाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि क्षणभर बाईंना तीस वर्षांपूर्वीची ती बारीक मुलगी दिसली, ओट्याशी उभी, चूक झाली की अशीच खालचा ओठ आत ओढून. बाईंनी मनातल्या मनात तिला माफ करायला सुरुवातसुद्धा केली होती. एवढंच हवं होतं, की तिने तोंड उघडावं.

"बाई," ती म्हणाली.

"बोल."

"जरा खुर्ची मागे घेता का? माझ्या चार्जरची वायर तुमच्या पायाखाली अडकलीय."